न चाखलेले दाणे

कोपरखैरण्यात टॉवरच्या कुंपणाला लागूनच गावठाण आहे. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, तेव्हापासूनचा हा शेजार. तरी अजून 'सोसायटीवाले' आणि 'गाववाले'.

समजा, टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या बाईंना गावठाणातल्या मासेवालीने शिळी सुरमई दिली. कल्ले न बघता घेतली, घरी आल्यावर वास आला. बाई पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. 'हे लोक असेच.' उलट बाजूलाही तेच: गेटवर एकदा कुणी अपमान केला की अख्खी सोसायटी माजोरडी.

यात मेंदूचं तसं काही चुकलेलं नाही. तो अंदाज बांधतो, घडलेल्याशी ताडून पाहतो आणि तफावत दिसली की अंदाज बदलतो. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे गणितात मांडलं. पण तफावत दिसायला पुन्हा अनुभव घ्यावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून का होईना, पितो तरी. इथे पेलाच दूर सारलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ रसेल फाझिओ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका संगणकी खेळातून हे दाखवलं. पडद्यावर घेवड्याचे दाणे येत, आकार आणि ठिपके वेगवेगळे. काही खाल्ले की शक्ती वाढे, काहींनी घटे. खाल्लं नाही तर दाणा कसा होता ते कळतच नसे. लोकांनी वाईट दाणे बरोबर ओळखले, पण बरेचसे चांगले दाणेही वाईट ठरवून टाकले. न खाल्लेल्या दाण्याचंही फळ दाखवलं, तेव्हा चांगले-वाईट दाणे ओळखण्यातला हा फरक ओसरला.

संशोधक डेन्रेल यांनी २००५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. आपल्या मजल्यावरच्या काकू एकदा खेकसल्या, तरी लिफ्टमध्ये रोज भेटतात; महिन्याभरात मत निवळतं. परक्या गटातला माणूस टाळता येतो, म्हणून त्याच्याबद्दलचं मत पहिल्या वाईट दिवशीच गोठतं. मला हे द्वेषापेक्षा जास्त चिवट वाटतं, कारण यात कुणाच्या मनात खोट असावी लागत नाही.

पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. गटागटांतल्या संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, असं त्यांना आढळलं. आणि जिथे भेटावं की नाही हे ठरवायची मुभाच नव्हती, तिथे हा परिणाम उलट जास्तच दिसला.