रोबोटच्या मागे राहणारी ओली रेघ

मॉलमध्ये, विमानतळावर किंवा मोठ्या रुग्णालयाच्या लॉबीत फरशी धुणारा रोबोट दिसणं आता तेवढं नवलाचं राहिलेलं नाही. अमेरिकेत वॉलमार्टने २०१९ मध्ये आपल्या दुकानांसाठी असे आणखी १५०० रोबोट आणायचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे पुण्याची पेपरमिंट ही कंपनी असे रोबोट बनवते. लहान मुलं मुद्दाम त्याच्या वाटेत उभी राहतात, तो थांबतो, वळसा घालून जातो आणि आईवडील फोन काढतात. कौतुक होतं ते त्याच्या डोळ्यांचं.

हे डोळे मात्र मुख्यतः पुढे आणि बाजूंना रोखलेले असतात. आपल्या मागे फरशी कोरडी झाली की नाही, हे बहुतेक यंत्रांना कळत नाही. हाताने चालवायच्या स्क्रबरमागे, म्हणजे फरशी घासणाऱ्या यंत्रामागे, जो माणूस चालायचा, तो हे जाता जाता बघायचा. पाण्याची रेघ दिसली की थांबायचा, रबरात अडकलेली काडी काढायचा, पुढे निघायचा. माणूस गेला तशी ही तपासणीही गेली. शिफ्ट संपल्यावर रोबोटचा जो नकाशा मोबाइलवर येतो, त्यात हिरवा रंगवलेला भाग म्हणजे यंत्र जिथे जिथे फिरलं तो भाग. तिथली फरशी स्वच्छ झाली का, हा प्रश्न वेगळाच.

आता ती रेघ येते कुठून ते पाहू. यंत्राच्या पोटात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मळक्या पाण्याची. पुढे ब्रश पाणी टाकून घासतात आणि मागे कमानीसारखी वळलेली स्क्वीजी ते पाणी गोळा करते. तिच्यात रबराच्या दोन पट्ट्या असतात. पुढच्या पट्टीला खाचा असतात, म्हणजे पाणी आणि हवा आत यावी. मागची पट्टी सरळ, तिचं काम अडवणं. दोघींच्या मधल्या अरुंद फटीतून व्हॅक्यूमची मोटर हवा इतक्या वेगाने ओढते की पाणी तिच्याबरोबर वर टाकीत जातं. सगळी मदार मागच्या पट्टीच्या धारेवर. रोज फरशीवर घासून ती धार गोल होते, आणि गोल झालेल्या धारेखालून पाणी निसटतं.

किती पाणी? समजा रेघ एक सेंटिमीटर रुंद, शंभर मीटर लांब आणि पाण्याचा थर मिलिमीटरचा दहावा भाग. हिशेब करा, सगळं मिळून १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला. पण गुळगुळीत ग्रॅनाइटवर घाईने चालणाऱ्या माणसाचा पाय सरकायला तेवढं पुष्कळ होतं.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. पट्टी काढायची, उलटायची, पुन्हा लावायची. बहुतेक पट्ट्यांना वापरता येतील अशा चार धारा असतात, त्यामुळे एक पट्टी चारदा कामाला येते. फूड कोर्टमध्ये मात्र साधं रबर घेऊ नये. तेलात ते फुगतं आणि वाकडं होतं, तिथे पॉलियुरेथेनची पट्टी टिकते. आणि पट्टी नवी असूनही पाणी मागे राहत असेल, तर टाकीच्या झाकणाचं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी), नळीचे जोड आणि मळकं पाणी सोडायच्या नळीचं बूच बघावं. हवेला दुसरीकडून सोपी वाट मिळाली की ती फरशीवरून कशाला येईल?

केमिकलबद्दल एक हट्टी समज आहे: जास्त ओतलं की जास्त चकाकी. प्रत्यक्षात जास्त साबणाचा फेस होतो. मळक्या टाकीत पाणी भरत आलं की तरंगणारा गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो, मोटर वाचते. फेस इतका हलका की तो गोळ्याला नीट उचलत नाही, थेट मोटरपर्यंत पोचतो. शिवाय फरशीवर उरलेला साबणाचा चिकट थर दुसऱ्या दिवशी धूळ धरून ठेवतो, मग फरशी मळकट दिसते, मग आणखी केमिकल. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळलं तर हे चक्र सुरूच होत नाही.

पाण्याचीही एक तक्रार असते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचं जड पाणी टाकीत भरतात. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार फिल्टरमध्ये आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये साचतात, आणि एक दिवस ब्रश कोरडेच घासू लागतात. सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने क्षार विरघळतात, पण ते पाणी गटारातच सोडायचं. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे ज्या आम्लाने क्षार जातो त्यानेच फरशीची चमकही जाते. आणि रात्री मळकी टाकी धुऊन झाकण उघडं ठेवायचं. बंद टाकीतल्या घाण पाण्यात ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू फोफावतात, काही हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सकाळी लॉबीत सडक्या अंड्यांचा वास आला तर रोबोटकडे बोट दाखवायला हरकत नाही.

डोळ्यांकडे येऊ. लायडार हा त्यातला मुख्य. तो अवरक्त लेसरचा झोत टाकतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अंतरात १५ सेंटिमीटरचा फरक. एवढं बारीक मोजणाऱ्या खिडकीवर कुणाचा तेलकट अंगठा उमटला, तर झोत विखुरतो आणि यंत्राला नसलेला अडथळा दिसू लागतो. पुसायला मऊ मायक्रोफायबरचं कोरडं किंवा जेमतेम ओलसर कापड हवं. कागदी नॅपकिनने प्लॅस्टिकच्या खिडकीवर ओरखडे पडतात, आणि ओरखडा पुसता येत नाही.

काच ही लायडारची जुनी अडचण. प्रकाश बराचसा आरपार जातो. म्हणून बऱ्याच यंत्रांत अल्ट्रासोनिक सेन्सरही असतात, ध्वनी काचेवरून परत येतो. त्यांची तोंडं दिसायला क्षुल्लक, वाटाण्याएवढी, पण धूळ आणि पॉलिश बसून बुजली की काचेच्या दाराला धडक ठरलेली. पायऱ्या ओळखणारे सेन्सर खाली बघतात. ते मळले की परत येणारा प्रकाश मिळत नाही, रोबोट समोर खड्डा समजून भर सपाट फरशीवर थांबून राहतो. लोक हसतात, पण हे थांबणं बरोबरच आहे. शंका आली तर न जाणं, अशीच त्याची रचना केलेली असते.

गणपतीत मॉलच्या मधोमध आरास उभी राहते, दिवाळीत स्टॉल लागतात. रोबोट समोरचं दृश्य साठवलेल्या नकाशाशी जुळवून आपण कुठे आहोत हे ठरवतो. निम्मं दृश्य बदललं की तो हरवतो. ही बिघाडाची तक्रार नव्हे, नकाशा पुन्हा काढायची वेळ आली एवढंच.

चाकांचं गणित मला सगळ्यात मजेदार वाटतं. दोन चाकं एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर आहेत, आणि एक चाक झिजून दुसऱ्यापेक्षा एक टक्का लहान झालंय असं धरा. दहा मीटर सरळ जाताना एक चाक दहा सेंटिमीटर मागे पडतं आणि यंत्राचं तोंड जवळपास ११ अंशांनी वळतं. जायरोस्कोप (यंत्र किती वळलं हे मोजणारा सेन्सर) आणि लायडार ही चूक सतत दुरुस्त करत राहतात, म्हणून ती बाहेरून दिसत नाही. पण दोन्ही बाजूंना नुसत्या कोऱ्या भिंती असलेल्या लांब कॉरिडॉरमध्ये लायडारला धरायला खूणच नसते. तिथे चाकाला चिकटलेलं च्युइंगगमही महागात पडतं.

केसांचं काय करायचं हे कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नाही. ते ब्रशच्या दांड्यावर आणि छोट्या चाकांच्या आसावर गुंडाळत जातात, मोटर जास्त करंट ओढते, चार्जिंग लवकर संपतं. दोष मात्र बॅटरीला. नवी बॅटरी मागवण्याआधी कात्री घेऊन खाली वाकून बघावं.

बॅटरीचा स्वतःचा एक स्वभाव आहे, तोही सांगायला हवा. बऱ्याच नव्या यंत्रांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. तिच्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या टप्प्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ‘किती उरली’ हे कळत नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजून हिशेब ठेवावा लागतो, आणि त्या हिशेबात रोज थोडी चूक साठते. सतत अर्धवट चार्ज केलं तर पडद्यावर ३० टक्के दिसत असताना यंत्र लिफ्टसमोर बंद पडू शकतं. अधूनमधून पूर्ण चार्ज केलं की हिशेब जुळतो आणि सेलही एकमेकांच्या बरोबरीला येतात. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीची तऱ्हा वेगळी: तिला रिकामी पडू द्यायचं नाही, आणि जिचे सेल उघडता येतात तिच्यात डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतरच घालायचं.

हे सगळं करायला माणूस लागतोच, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. टाकी धुणं, रबर पुसणं, ब्रश उपसणं, सेन्सरवरून कापड फिरवणं हे शिफ्टमधलंच काम धरलं नाही तर ते होत नाही. खरेदीच्या वेळी चौकशी होते ती लायडारच्या वॉरंटीची. पण एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद वाचला तर रबर, ब्रश, फिल्टर यांना बहुधा ‘कन्झ्युमेबल’ (वापरात झिजून संपणारी वस्तू) म्हणून बाहेर ठेवलेलं असतं. तेव्हा रबराच्या पट्ट्यांचा एक जादा संच हाउसकीपिंगच्या कपाटात ठेवावा, आणि तो कुणाच्या खर्चाने येणार हे सही करण्याआधीच विचारून घ्यावं.