शहर-किनारा जोडसहल

शहर-किनारा जोडसहल : उष्ण कटिबंधातील एकाच सुट्टीचे काही दिवस आधुनिक महानगरात आणि उरलेले जवळच्या सागरकिनारी रिसॉर्टमध्ये घालवण्याची प्रवासपद्धती. समुद्रापासून दूर वसलेल्या नागपूरच्या कुटुंबांना ती विशेष सोयीची पडते. कारण आग्नेय आशियाकडे जाताना मुंबई किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी विमान बदलण्यात इतका वेळ व पैसा जातो, की केवळ शहरासाठी किंवा केवळ किनाऱ्यासाठी तो खर्च अनेकांना पटत नाही.

बँकॉक-फुकेत, क्वालालंपूर-लंकावी आणि सिंगापूर-बिंतान या रुळलेल्या जोड्या होत. क्वालालंपूरचे ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनास मनोरे पाहून तासाभराच्या विमानप्रवासाने लंकावी गाठता येते. हे बेट १९८७ पासून करमुक्त असून दोन्ही ठिकाणे मलेशियातच असल्याने व्हिसाचा प्रश्न पुन्हा येत नाही. बिंतान मात्र इंडोनेशियात आहे. सिंगापूरच्या तनाह मेराह धक्क्यावरून सकाळी आठला सुटलेली फेरीबोट तासाभराने पोहोचते, तेव्हा तेथील घड्याळात आठच वाजलेले असतात. परतताना हाच तास हातचा जातो आणि सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

या सहलीत खरा कस लागतो तो ऋतू निवडताना. विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे नागपूरकरांच्या सहली मे-जूनमध्ये निघतात. पण साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमान समुद्रावरील फुकेतचा किनारा झोडपत असतात. शहरात पाऊस आला तर मॉलमध्ये किंवा संग्रहालयात वेळ काढता येतो, किनाऱ्यावर मात्र खोलीत बसून राहावे लागते. याउलट थायलंडच्या आखातातील को सामुई आणि मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळील रेदांग, तिओमान ही बेटे याच काळात तुलनेने कोरडी असतात. त्यांचा जोरदार पाऊस पुढे, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत बँकॉकला फुकेतऐवजी सामुई जोडणे अधिक शहाणपणाचे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र फुकेतच उत्तम.

पावसाळी समुद्राचा धोका नागपूरकरांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. नागपुरातील अंबाझरी-फुटाळा तलावांचे संथ पाणी पाहत वाढलेल्या माणसाला किनाऱ्यावरून आत ओढणाऱ्या प्रवाहाची कल्पना नसते. लाल झेंडा लागला असेल तर पाण्यात उतरू नये. प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत न येता, आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या पट्ट्याबाहेर पडावे.

क्रमाबाबत सामान्यतः आधी शहर व नंतर किनारा असा बेत आखला जातो, कारण शहरातील पायपिटीनंतर विश्रांती हवी असते. तरीही शेवटची रात्र शहरातच काढणे इष्ट. वादळी हवेत फेरीबोट किंवा बेटावरचे छोटे विमान रद्द झाले, तर परतीचे विमान हुकते आणि भारतात पोहोचल्यावर नागपूरसाठी धरायचे पुढचे विमानही त्याबरोबर जाते.