एकूण कर्ज की वर्षाचे हप्ते? एमपीपीच्या हिशेबात फसवणारं प्रमाण

अमेरिकेत सार्वजनिक धोरणाची मास्टर्स, म्हणजे एमपीपी, करावी का, असं कुणी विचारलं की 'कर्ज आणि पगाराचं प्रमाण बघ' हा सल्ला ठरलेला. कुठलं प्रमाण, ते कुणी सांगत नाही. एक जण एकूण कर्जाला वर्षाच्या पगाराने भागतो, दुसरा वर्षभराच्या हप्त्यांना. उत्तरं अर्थातच जुळत नाहीत, आणि वाद मात्र पदवी चांगली की वाईट यावर रंगतो.

पहिलं प्रमाण बहुतेकांना पाठ असतं: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापुढे जाऊ देऊ नये. ठोकताळाच आहे, पण मला तोच पसंत आहे, कारण त्यात लपायला जागा नाही. एमपीपी की एमपीए (सार्वजनिक प्रशासनाची मास्टर्स), याने या हिशेबात काही फरक पडत नाही.

खरा घोळ दुसऱ्या प्रमाणात आहे. समजा कर्ज ८०,००० डॉलर, व्याज ८ टक्के, पगार ६५,०००. पहिलं प्रमाण सव्वाच्या आसपास, म्हणजे जडच. आता हप्ते पाहा. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ९७० डॉलर, पगाराच्या जवळपास १८ टक्के. मुदत वीस वर्षं केली की हप्ता ६७० वर येतो आणि प्रमाण साडेबारा टक्क्यांच्याही खाली. कर्ज तेच, पगार तोच, तरी आकडा सुधारला. पण दहा वर्षांत एकूण सुमारे १,१६,००० डॉलर भरावे लागले असते, ते आता १,६०,००० वर गेले.

उत्पन्नावर आधारित हप्त्यात तर हे आणखी फसवं होतं. आयबीआर (इन्कम-बेस्ड रिपेमेंट) या सरकारी कर्जाच्या योजनेत २०१४ च्या जुलैपासूनच्या नव्या कर्जदाराला दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्के भरायचे असतात. एकट्या माणसासाठी २०२५ च्या दारिद्र्यरेषेने हिशेब केला तर हप्ता ३४६ डॉलर येतो, पगाराच्या साडेसहा टक्केसुद्धा नाही. पण ८०,००० वर ८ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ५३३ होतं. म्हणजे दर महिन्याला १८७ डॉलर व्याज न फिटता साचत जातं. 'मी तर पगाराच्या सहा टक्केच भरतो' असं समाधानाने सांगणाऱ्याची मला म्हणूनच काळजी वाटते. हप्ता झेपतो आणि कर्ज फिटतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दुसरं प्रमाण निरुपयोगी का? नाही. एका परिस्थितीत तेच खरं: पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेत काम करणाऱ्यांसाठीची कर्जमाफी. २००७ च्या कायद्याने आलेल्या या योजनेत सरकारी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा, संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं संघीय (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं) कर्ज माफ होतं, आणि त्या माफीवर संघीय आयकरही नाही. हप्ते सलग असण्याची अटसुद्धा नाही. महापालिकेत किंवा राज्याच्या खात्यात दहा वर्षं काढायचं पक्कं असेल, तर एकूण आकड्यापेक्षा हप्ताच बघा.

पण इथे पात्रता मालकावरून ठरते, कामावरून नाही. सरकारचंच काम कंत्राटावर करणाऱ्या खासगी सल्लागार कंपनीत बसलात, तर दिवसभर धोरणाच्या फायली हाताळूनही तो महिना साधारणपणे मोजला जात नाही. धोरण शिकलेली कितीतरी मुलं तिथेच जातात, आणि मनात मात्र माफी धरून चालतात. व्याज कमी मिळतं म्हणून संघीय कर्ज खासगी बँकेकडे वळवलं तर माफीचा हक्क कायमचा गेला. व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला तर संघीय कर्ज मिळतच नाही. त्याने पहिल्या प्रमाणाशिवाय दुसरं काही पाहू नये.

१ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं संघीय कर्ज बंद, आणि अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला संघीय कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. त्यांच्यासाठीच्या नव्या हप्ता योजनेत न फिटलेलं व्याज माफ होतं, त्यामुळे वरचा साचण्याचा प्रकार तिथे नाही. पण फी २०,५०० हून जास्त असेल तर वरची रक्कम खासगी कर्जातून येणार, आणि त्या भागाला ना उत्पन्नावर आधारित हप्ता, ना पीएसएलएफ. तिथे सरळ पहिलं प्रमाण लावायचं.

त्यात कॉलेज स्कोरकार्ड या अमेरिकी शिक्षण खात्याच्या साइटवरच्या कर्जाच्या आकड्यात विद्यार्थ्यांची खासगी कर्जं धरलेली नसतात. म्हणजे यापुढे एखाद्या अभ्यासक्रमाचं कर्ज तिथे कमी झालेलं दिसलं, तर आधी विद्यापीठाच्या साइटवर दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च बघा, त्यातून मिळणारी शिष्यवृत्ती आणि हातातली बचत वजा करा, आणि जी रक्कम उरेल तिला पगाराने भागा.