ट्रायल्स सायकलवर डिस्क ब्रेक आला कुठून, आणि त्याला अजून एवढी खटपट का लागते

ट्रायल्सच्या सायकलला डिस्क ब्रेक बसवला की दोन तक्रारी हमखास येतात. एक म्हणजे लिव्हर पूर्ण दाबलेली असताना पण चाक 'कट्ट' करून थोडंसं पुढेमागे सरकतं, आणि दुसरी म्हणजे नवे कोरे पॅड टाकले तरी पकड काही येत नाही. उपाय सगळेच सांगतात, कोणी म्हणतो ब्लीड कर (तेलात अडकलेली हवा काढ), कोणी म्हणतो मोठा रोटर (ब्रेकची चकती) टाक, कोणी सरळ म्हणतो काढून टाक आणि रिम ब्रेक (चाकाच्या कड्यालाच धरणारा) लाव. पण हे उपाय आले कुठून आणि कुठला कशासाठी आहे हे कळायला जरा मागे जावं लागतं, कारण डिस्क ब्रेक ज्या कामासाठी तयार झाला ते काम ट्रायल्सवाला जवळजवळ करतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायल्स म्हणजे दगड, ओंडके, पाइप, भिंती यांच्यावरून पाय न टेकता सायकल न्यायची. सीट नसतेच किंवा नावापुरती असते, गिअर एकच. मागच्या एका चाकावर उभं राहून उड्या मारत मारत जायचं, प्रत्येक उडीत ब्रेक क्षणभर सोडायचा, पेडलला धक्का द्यायचा आणि टेकताना परत गच्च धरायचा. म्हणजे ब्रेकने वेग कमी करायचा प्रश्नच येत नाही, वेग मुळात नसतोच. चाक जागच्या जागी पकडून ठेवायचं, तेही एका बोटाने, ओलं असलं तरी, आणि दोन्ही दिशांना.

हा खेळ आला मोटारसायकल ट्रायल्समधून. स्पेनमधे कातालोनियात मोंतेसा या मोटारसायकल कंपनीचा रायडर पेरे पी, त्याचा मुलगा ओत लहान होता, मोटारसायकल चालवायचं वय नाही म्हणून सायकलवरच तसले अडथळे पार करायला शिकवलं. यातून १९७० च्या दशकाच्या शेवटीशेवटी पोरांच्या ट्रायल्स सायकली निघाल्या, १९८३ मधे पेरे पीची मोंटी कंपनी आली, आणि ओत पी पुढे अनेकदा जगज्जेता झाला. त्या सायकली २० इंची. मग हान्स रे सारख्या रायडर लोकांनी तेच प्रकार २६ इंची माउंटन बाइकवर करून दाखवले आणि दोन गट पडले ते आजतागायत आहेत, यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धेत पण २० आणि २६ वेगवेगळे. रायडर लोक २० ला मॉड म्हणतात आणि २६ ला स्टॉक. हे फरक ब्रेकच्या बाबतीत महत्त्वाचे आहेत, पुढे येईलच.

तेव्हा ब्रेक होते साधे कँटिलिव्हर, म्हणजे केबलने ओढले जाणारे रिम ब्रेक. खरा बदल केला जर्मनीतल्या बाड उराखच्या मागुराने, १८९३ सालची जुनी कंपनी, मोटारसायकलचे लिव्हर वगैरे बनवणारी. त्यांनी १९८७ मधे सायकलसाठी हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) रिम ब्रेक काढला, आणि त्याच घराण्यातला एचएस३३ ट्रायल्सवाल्यांनी असा काही उचलला की आजही बऱ्याच सायकलींवर मागे तोच दिसतो. केबल नाही त्यामुळे ताण वाया जात नाही, आणि पॅड थेट रिमला धरतात.

इथे लोकांनी जे उद्योग केले ते ऐकण्यासारखे आहेत. रिमची बाजू गुळगुळीत असते म्हणून अँगल ग्राइंडर घेऊन ती चक्क खरवडायची, आडव्या बारीक रेघा पाडायच्या, म्हणजे पॅड त्यात रुततो. पॅड भराभर झिजतात, ब्रेक लावला की आख्ख्या गल्लीला कळतं, पण चाक हलत नाही. ज्यांना रिम खराब करायची नाही ते रिमला डांबर चोळायचे, कोरड्यात एक नंबर, पाऊस आला की संपलं. दोन्ही बाजूचे पिस्टन दाबले की फ्रेमच्या नळ्या बाहेर फाकतात म्हणून वरून नालाच्या आकाराचा बूस्टर लावायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे आतलं तेल काढून त्यात पाणी भरायचं! पाणी तेलापेक्षा पातळ, त्यामुळे लिव्हर चटकन परत येते, थंडीच्या देशात गोठू नये म्हणून त्यात थोडं अँटिफ्रीझ टाकतात. रिम ब्रेकमधे हे चालून जातं कारण उष्णता त्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. हाच प्रयोग कोणीतरी वाचून डिस्कवर करतो तेव्हा गडबड होते. उतारावर डिस्क सहज शंभर डिग्रीच्या वर जाते, पाण्याची वाफ झाली की लिव्हर सरळ हँडलला टेकते. ट्रायल्सच्या सेक्शनमधे (अडथळ्यांच्या टप्प्यात) एवढी तापणार नाही हे खरं, पण सेक्शनपर्यंत आणि परत घरी जाताना रस्त्यात उतार लागतोच ना.

आता डिस्ककडे. डिस्क ब्रेकची मूळ कल्पना जुनी, इंग्लंडमधे बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मधे पेटंट घेतलं होतं. गाजली ती १९५३ मधे, जॅग्वारने ल माँची चोवीस तासांची रेस डनलॉपच्या डिस्क लावून जिंकली तेव्हा. मोटारसायकलवर होंडाच्या १९६९ च्या सीबी७५० ने ती घराघरात नेली. या सगळ्यात फायदा एकच होता, जोरात पळणारी वस्तू वारंवार थांबवायची आणि त्यातून होणारी उष्णता हवेत सोडायची. ड्रम तापून ढिला पडतो, डिस्क उघडी असल्यामुळे लवकर थंड होते. पॅडचं मटेरियल, रोटरची भोकं, पिस्टनचे सील, सगळं त्या हिशोबाने घडत गेलं.

सायकलवर ती नीट आली १९९० च्या दशकात, आणि यात एक धागा परत ट्रायल्सशी जुळतो. इंग्लंडमधे लँकशरला बार्नोल्ड्सविक गाव आहे, तिथे रोल्स रॉइसचा विमान इंजिनाचा कारखाना. तिथलेच इयन वेदरिल आणि सायमन शार्प हे दोघं टूलमेकिंगमधले, मोटारसायकल ट्रायल्सचे शौकीन, माउंटन बाइक चालवायला लागले आणि तिचे ब्रेक बघून वैतागले. १९८९ मधे त्यांनी होप टेक्नॉलॉजी सुरू केली. पहिला डिस्क ब्रेक केबलवर चालणारा होता, हायड्रॉलिक नंतर आले. पुढे होपने ट्रायल्ससाठी वेगळे ब्रेक पण काढले, आधी मोनो ट्रायल आणि मग ट्रायल झोन. मोनो म्हणजे कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेला, दोन अर्ध्या तुकड्यांना बोल्टने जोडलेला नाही. उतारावरून वेगाने येणाऱ्या डाउनहिलवाल्याला हा फरक फारसा कळणार नाही, ट्रायल्सवाल्याला कळतो, कारण कॅलिपर जरा जरी फाकला तरी पकड तेवढी गेली.

त्या काळात प्रत्येक कंपनीचं माउंटिंग वेगळं. एकाचा हब (चाकाचा मधला गाभा), दुसऱ्याचा रोटर, तिसऱ्याचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), काहीच जुळायचं नाही. मग इंटरनॅशनल स्टँडर्ड आलं, कॅलिपरच्या दोन भोकांत ५१ मिमी अंतर आणि रोटर सहा बोल्टचा, बोल्टचं वर्तुळ ४४ मिमी. त्यानंतर ७४ मिमीचं पोस्ट माउंट. आज आपण बाजारातून सहा बोल्टचा कुठलाही रोटर आणतो तो सहा बोल्टच्या हबवर बसतो, ते यामुळे. जुन्या फ्रेमवर नवा कॅलिपर लावताना मधे अ‍ॅडॅप्टर येतो, आणि अ‍ॅडॅप्टर म्हणजे आणखी दोन बोल्ट, आणखी एक जोड, म्हणजे हलायला आणखी एक जागा. सरकणारं चाक शोधायला बसलात तर पहिली नजर तिथे टाका.

आता तो 'कट्ट' आवाज. याचं गणित सोपं आहे आणि मला वाटतं हे एक गणित समजलं की निम्मी भांडणं मिटतात. २६ इंची चाकाचा टायर धरून त्रिज्या साधारण ३३ सेंमी. रिम ब्रेकचा पॅड धरतो सुमारे २७ सेंमीवर. १६० मिमी डिस्कचा पॅड धरतो जेमतेम ७ सव्वासात सेंमीवर. म्हणजे जमिनीवर जेवढा जोर येतो त्याच्या साडेचार पट जोर डिस्कच्या पॅडला सोसायचाय, रिमच्या पॅडला सव्वा पटच. आणि उलटं पण खरं, कॅलिपरमधे पॅड अर्धा मिलिमीटर हलला तर टायर सव्वादोन मिलिमीटर सरकतो. एका चाकावर भिंतीच्या कडेवर उभा असलेल्या माणसाला सव्वादोन मिलिमीटर म्हणजे दरवाजा अंगावर उघडल्यासारखं वाटतं.

पॅड हलतो का, तर बहुतेक कॅलिपरमधे पॅड जरा सैल बसवलेले असतात, तापल्यावर फुगून अडकू नयेत म्हणून. साध्या सायकलला चाक कायम पुढेच फिरतं, पॅड एका भिंतीला जाऊन टेकतो आणि तिथेच राहतो, त्यामुळे ती सैल जागा कोणाच्या लक्षातच येत नाही. ट्रायल्समधे मात्र एक क्षण चाकाला पुढे जायचं असतं, पुढच्याच क्षणी मागे, त्यामुळे पॅड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. यावर रायडर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे पॅडच्या पत्र्याच्या कडेला आणि कॅलिपरच्या मधे पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची, शिम. जाडी अशी की पॅड बोटाने सरकला पाहिजे पण खुळखुळला नाही पाहिजे. जास्त जाड झाली की पॅड परत मागे येत नाही आणि रोटर घासत राहतो.

शिम टाकूनही आवाज येत असेल तर रोटरचे सहा बोल्ट, मग हबचा अ‍ॅक्सल, मग स्पोक बघायचे. हो, स्पोक. रिम ब्रेक थेट रिमला धरतो, पण डिस्कचा सगळा जोर हबमधून स्पोकने रिमपर्यंत जातो, आणि स्पोक ढिले असतील तर हब थांबतो आणि रिम थोडी फिरते. सरळ रेडियल विणलेलं चाक डिस्कला चालतच नाही, तीन क्रॉसचं (प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडून जाणारं) लागतं. पुढच्या चाकाचं अजून एक, जेम्स ॲनन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २००३ मधे दाखवून दिलं की कॅलिपर फोर्कच्या मागे असला आणि फोर्कची खाच खाली उघडत असली तर ब्रेकचा जोर अ‍ॅक्सललाच खाली खाचेतून बाहेर ढकलतो. त्यावर मोठा वाद झाला. ट्रायल्समधे पुढच्या चाकावर उभं राहायचं असतं, तेव्हा क्विक रिलीजपेक्षा (हाताने सोडता येणाऱ्या अ‍ॅक्सलपेक्षा) बोल्टचा अ‍ॅक्सल बरा असं माझं स्पष्ट मत.

या गणितावरूनच हे पण कळतं की २० आणि २४ इंचीला डिस्क जास्त का मानवली. चाक लहान, त्यामुळे साडेचार पटीचे २० ला साडेतीन होतात, २४ ला चारच्या आसपास. २००९ नंतर स्कॉटिश रायडर डॅनी मॅकॅस्किलच्या व्हिडिओमुळे २४ इंची स्ट्रीट ट्रायल्सची लाट आली, त्यात चाक सारखं फिरवायचं, उलटं चालवायचं, वाकडी झालेली रिम घेऊन पण घरी जायचं असतं, तिथे डिस्क सोयीची पडते. स्पर्धेतल्या २६ वाल्यांनी मात्र बराच काळ पुढे डिस्क आणि मागे खरवडलेली रिम अशी वाटणी ठेवली.

मधल्या काळात ॲव्हिडचा बीबी७ हा केबलवरचा डिस्क ब्रेक खूप चालला, विशेषतः पुढच्या चाकाला. ब्लीडची कटकट नाही, दोन्ही पॅड लाल चकत्या फिरवून वेगवेगळे जवळ आणता येतात. यात फक्त एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर, म्हणून स्थिर पॅड रोटरच्या अगदी जवळ नाही ठेवला तर रोटर वाकण्यातच जोर जातो. आणि केबलचं बाहेरचं कव्हर न दबणारं घ्यायचं, ब्रेक ढिला वाटतो त्यातला बराच दोष त्या कव्हरचा असतो.

दुसरी तक्रार, नव्या पॅडला पकड नाही. पॅडला बेड-इन करायला लागतं, म्हणजे वेग घेऊन वीसतीस वेळा दाबून हळू करायचं, तेव्हा पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो आणि पकड येते. आता ट्रायल्सच्या सायकलचा गिअर (पुढच्या-मागच्या चक्रीचे दात) २२-१८ किंवा मॉडला १८-१२, सीट नाही, वेग घेणार कुठून? म्हणून लोक उतार शोधतात आणि ब्रेक किंचित ओढत खाली येतात, मधेमधे रोटरवर पाणी ओततात, काही जण तर मातीचं गढूळ पाणी वापरतात म्हणजे पॅडचा वरचा थर लवकर घासला जातो. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे चाकं-ब्रेक जुळत असतील तर दुसऱ्या माउंटन बाइकला लावून घाटात एक चक्कर. पॅड ऑर्गॅनिकच (राळेत बांधलेले) घ्यायचे, सिंटर्ड धातूचे पॅड तापल्यावर चांगले धरतात आणि आपला रोटर कायम गार. चकाकी आलेला पॅड पॉलिश पेपरवर घासून घ्यायचा, रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, पण चेनचं तेल पॅडमधे एकदा मुरलं असेल तर घासून, भाजून काही होत नाही, नवे आणा.

आणि तेलाबद्दल, हे आपल्याकडे जास्त घडतं. होप, हेज, ॲव्हिड यांचे हायड्रॉलिक ब्रेक डॉट ४ किंवा ५.१ वर, शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवर. डॉट ४ ची बाटली आपल्या कुठल्याही टू-व्हीलरच्या गॅरेजात मिळते, मिनरल ऑइल मागवावं लागतं, त्यामुळे मेकॅनिक चांगल्या मनाने शिमानोमधे डॉट ओततो. दोघांचे रबर सील वेगळे, चुकीचं तेल गेलं की सील फुगतात, पिस्टन अडकतात, लिव्हर परत येत नाही, आणि मग तेल बदलून पण उपयोग नाही, सील बदलायचे किंवा ब्रेकच. एका कंपनीची लिव्हर आणि दुसरीचा कॅलिपर जोडायची हौस ट्रायल्सवाल्यांना फार, लिव्हरमधला पिस्टन लहान आणि कॅलिपरचा मोठा असला की जोर वाढतो हे बरोबर आहे, बदल्यात लिव्हर जास्त आत येते. ती जोडी पण एकाच जातीच्या तेलाची असली पाहिजे. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, आकडा ४ आणि ५.१ च्या मधला दिसतो म्हणून घ्याल तर फसाल.