अल्ट्रासोनिक आणि एडी करंट : एकाच नळीला दोन वेगळे प्रश्न

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत प्रत्येकी ३९२ कूलंट चॅनल आहेत, म्हणजे इंधन आणि ते थंड ठेवणारं जड पाणी ज्यात असतं त्या नळ्या. भट्टी बंद असताना निवडक चॅनलमधलं इंधन काढून आत तपासणीचं डोकं सरकवतात. त्यावर अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी तपासणारा) आणि एडी करंट (चुंबकीय क्षेत्राने धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठवून तपासणारा) असे दोन्ही प्रोब असतात. म्हणून एक दुसऱ्याची फेरतपासणी करतो, असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांचे प्रश्न वेगळे.

अल्ट्रासोनिक भिंतीबद्दल विचारतो. झिर्कोनियम-नायोबियमची प्रेशर ट्यूब, म्हणजे चॅनलची आतली नळी, सुमारे ४.३ मिमी जाड. ध्वनी बाहेरच्या पृष्ठभागावर आपटून दोन मायक्रोसेकंदांच्या आत परततो आणि त्या वेळेवरून जाडी निघते. प्रोबपासून धातूपर्यंत ध्वनी जायला द्रव लागतो. चॅनलमधलं जड पाणी ते काम करतं. मध्ये बुडबुडा अडकला की तेवढ्या जागी प्रतिध्वनी गायब. सरळ आत गेलेल्या ध्वनिकिरणाला भिंतीच्या जाडीत उभी शिरलेली चीर जवळपास दिसतच नाही, म्हणून तिरके किरण अक्षाच्या दिशेने आणि परिघाच्या दिशेने, दोन्हीकडून सोडावे लागतात.

पण प्रेशर ट्यूबला तिच्याभोवतीच्या कॅलँड्रिया ट्यूबपासून दूर ठेवणारी गोल गार्टर स्प्रिंग नळीबाहेर कुठे आहे, हे अल्ट्रासोनिकला विचारून उपयोग नाही: नळीबाहेर वायू, ध्वनी तिथूनच माघारी. इथे एडी करंट लागतो. वारंवारता काही किलोहर्ट्झपर्यंत उतरवली की चुंबकीय क्षेत्र भिंतीपार जातं आणि स्प्रिंगचा सिग्नल उमटतो. कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीत १९८३ साली स्प्रिंग जागेवरून सरकल्या होत्या. प्रेशर ट्यूब वाकून थंड कॅलँड्रिया ट्यूबला टेकली, त्या गार ठिपक्यावर हायड्राइडचा (धातू आणि हायड्रोजनच्या ठिसूळ संयुगाचा) फोड आला आणि नळी फुटली. स्प्रिंगची जागा इतकी काटेकोरपणे का शोधतात, ते यातून कळतं.

भट्टीच्या उष्णतेवर वाफ बनवणाऱ्या स्टीम जनरेटरमध्ये मात्र भूमिका बदलते. तिथल्या हजारो बारीक नळ्यांची भिंत जेमतेम मिलिमीटरभर; तिथे झीज शोधायचं मुख्य काम एडी करंटच करतो, तेही कोरड्या नळीत, झपाट्याने. नळ्यांना धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीचा सिग्नल झिजेच्या सिग्नलवर चढतो. तो दोन वारंवारतांचे सिग्नल मिसळून वजा करतात. खरी फसगत बॉबिन प्रोबची, म्हणजे रिळासारख्या गुंडाळीच्या एडी करंट प्रोबची: त्याचे प्रवाह परिघाभोवती फिरतात, त्यामुळे परिघावरच्या चिरेला ते समांतर वाहतात आणि ती नजरेतून सुटते. नळी ट्यूबशीटमध्ये (नळ्यांची टोकं धरणाऱ्या जाड पत्र्यात) जिथे फुगवून बसवलेली असते, तिथे अशीच चीर पडण्याची भीती असते. त्या जागी फिरता प्रोब हळूहळू ओढावा लागतो, मग कितीही वेळ लागो.