सोळा बिटांत न मावलेली मोजणी

१७ जून २०१९ रोजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, एक त्रुटी जाहीर झाली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी ती शोधली होती; नाव पडलं ‘सॅक पॅनिक’. लॉगिन नको, पासवर्ड नको. दूर बसून मुद्दाम रचलेली पॅकेटं पाठवली की समोरचं मशीन ठप्प.

टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नेहमीची पद्धत, त्यावरून डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. मधले काही तुकडे हरवले, तर बाकीचे कोणते पोचले हे घेणारा कळवतो आणि हरवलेले तेवढेच पुन्हा पाठवता येतात. ‘सॅक’ म्हणजे हीच सोय. १९९६ पासूनची आणि फार कामाची. पोच मिळालेले लगतचे तुकडे पाठवणाऱ्याकडचं कर्नल एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जोडून ठेवतं आणि त्यांची संख्या १६ बिटांच्या खान्यात लिहितं. तिथे ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही.

एरवी तेवढी वेळच येत नाही. बफरमध्ये १७ कप्पे, प्रत्येकात फार तर ३२ केबी; म्हणजे ५,५७,०५६ बाइट. नेहमीच्या १,४६० बाइटांच्या हिशेबाने चारशेसुद्धा तुकडे होत नाहीत. पण तुकडा केवढा हवा, हे समोरचा सांगू शकतो. त्याने ४८ बाइट सांगितले आणि त्यातले ४० हेडरच्या, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या नोंदींच्या, पर्यायांतच गेले, तर डेटाला उरतात ८. आता भागाकार करा: ६९,६३२. खाना ओलांडला, की स्कूटरच्या मीटरसारखी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तिथे दिसतात ४,०९६.

हिशेब जुळला नाही तर तिथेच थांबायचं, अशी तपासणी कोडमध्ये होती. म्हणजे मशीन पाडलं ते कर्नलनेच, हल्लेखोराने फक्त निमित्त पुरवलं. माझ्या मते हा सावधपणाचा अतिरेक. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचाही अशा तपासण्यांवर जुना राग आहे.

मार्च २००९ मधल्या २.६.२९ आवृत्तीपासून ही फट होती. तातडीचा उपाय म्हणून सॅक बंद करता येत होतं, पण खराब लाइनवर त्याने वेग मार खातो. गूगलचे एरिक ड्युमाझे यांचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, अगदी सरळ होता: बेरीज मावणार नसेल तर तुकडे जोडूच नका. तुकड्याची किमान मर्यादा वाढवता यावी म्हणून एक नवी सेटिंगही त्याच वेळी आली. तिचं मूळ मूल्य मात्र ४८ च ठेवलं गेलं.