तू अगदी तस्साच आहेस!

दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, तू अगदी तस्साच आहेस!" डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या, तरी तस्साच. ऐकणारा सुखावतो. मीही सुखावलो होतो. पण हे खरं की खोटं ते ठरवायचं कसं? सांगणाऱ्याची आठवण साठी उलटलेली, ऐकणाऱ्याचीही तशीच. त्या वेळी लिहून ठेवलेला कागदच हवा.

असा कागद स्कॉटलंडमध्ये आहे. १९३६ साली जन्मलेल्या तिथल्या जवळपास सगळ्या मुलांची १९४७ मध्ये बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती. त्यांतली १,२०८ मुलं १४ वर्षांची झाली तेव्हा, १९५० मध्ये, शिक्षकांनी त्यांना सहा बाबतींत जोखलं: आत्मविश्वास, चिकाटी, मनाचा स्थिरपणा, कामातला काटेकोरपणा, कल्पकता आणि पुढे जाण्याची ईर्ष्या. मग मध्ये उभं आयुष्य गेलं. ७७व्या वर्षी १७४ जणांनी त्याच सहा बाबतींत स्वतःला जोखलं, शिवाय प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाचंतरी मत घेतलं गेलं. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ जवळजवळ बसलाच नाही.

आता, शिक्षकाची नजर वेगळी आणि आपली वेगळी, हे मान्य. १७४ हा आकडाही लहान आहे, आणि कमी अंतराने केलेल्या अभ्यासांत स्वभाव बऱ्यापैकी टिकलेला दिसतो. पण ६३ वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नाही. दर दशकाला थोडं थोडं सरकत गेलेला माणूस एवढ्या वर्षांत बराच लांब पोचू शकतो.

मग हे सरकणं आपल्याला जाणवत का नाही? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल ऑफर यांनी १९६२ मध्ये १४ वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. घर, आईवडील, शिक्षा, मित्र असे साधेच प्रश्न. त्यांतल्या ६७ जणांना ४८व्या वर्षी विचारलं, की तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं असतं? डोळे मिटून उत्तरं ठोकली असती तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता. मुलं असताना बहुतेकांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. मोठेपणी तो जेमतेम एक तृतीयांश जणांना आठवला. ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं.

आठवण म्हणजे कपाटातली फाइल, काढली, वाचली, परत ठेवली, असं आपण धरून चालतो. २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादर आणि जोसेफ लेडू यांच्या गटाने उंदरांना एक आवाज ऐकवून सौम्य विजेचा धक्का दिला. उंदीर त्या आवाजाला भ्यायला शिकले. दुसऱ्या दिवशी नुसता आवाज ऐकवला आणि मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध सोडलं. पुढे उंदरांची भीती ओसरली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर मात्र भीती कायम. म्हणजे आठवण जागी झाली की काही काळ ती ओल्या मातीसारखी असते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. उंदराची भीती आणि आपल्या आजोळच्या गोष्टी यांत अंतर आहे, पण तीच ती गोष्ट दर दिवाळीला थोडी वेगळी कशी होते याचा एक धागा इथे मिळतो.

दुरुस्ती नेहमी 'तस्साच'च्या बाजूनेच होते असंही नाही. कॅनडातल्या मायकेल कॉन्वे आणि मायकेल रॉस यांनी १९८४ मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी अभ्यास कसा करावा याचा वर्ग केला. गुणांत फरक पडला नाही. पण वर्ग संपल्यावर त्यांना आपली आधीची अवस्था, तेव्हा त्यांनीच नोंदवली होती त्याहून वाईट आठवली! आज सुधारलो असं वाटायला कालचा मी ढ असायला हवा. माझ्या मते 'मी किती घडलो' या आपल्या कहाण्यांत हा प्रकार पुष्कळ असावा.

माझंच सांगतो. मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि प्रत्येक निरोप समारंभात सांगितलं, की गणिताचं वेड मला शाळेपासून. गेल्या वर्षी आईची ट्रंक उघडली तेव्हा होस्टेलवरून मी बाबांना लिहिलेलं एक अंतर्देशीय पत्र निघालं. त्यात होतं: "गणित सोडून कुठलाही विषय चालेल, पण यातून मला सोडवा." अक्षर निःसंशय माझं. ते लिहिल्याचं मला काडीइतकंही आठवत नव्हतं.

गंमत म्हणजे, पत्र चार-पाचदा वाचल्यापासून ती संध्याकाळ, खोलीतली खाट, शाई सांडलेलं टेबल असं सगळं हळूहळू दिसायला लागलं आहे. त्यावर माझा बिलकूल विश्वास नाही.